किती किलो पुरण?

नववीची मुलं आपणहून बोलत नाहीत. काही विचारलं की "काय नाय मॅडम" म्हणून मोकळी होतात. म्हणून मी एक युक्ती काढली होती. हजेरी झाली की दोनच मिनिटं, रोज एकाला उभं करायचं आणि विचारायचं, "घरी इतक्यात काय कार्यक्रम झाला?" बारसं, साखरपुडा, ईद, काहीही चालेल. अभ्यासाचं विचारल्यावर खाली जाणाऱ्या माना घरच्या समारंभाचं विचारलं की वर येतात, हा माझा शोध. गारखेड्यातल्या आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मी तो भरपूर मिरवला.

आणि मुलं खरंच बोलायला लागली. एकानं फुफूच्या, म्हणजे आत्याच्या, बाळाच्या अकीक्याचं, त्यांच्यातल्या बारशाचं, सांगितलं. बाळानं ऐनवेळी अब्बांचा नवा कुर्ता कसा ओला केला, याची नक्कल करून वर्गाला पोट धरून हसवलं. पण सगळ्यांची लाडकी होती ती तिसऱ्या बाकावरची मुलगी. तिच्याकडं कायम काहीतरी असायचंच.

"मॅडम, आमच्याकडं परवा हळद होती. नवरी हळद लावतानाच पेंगायला लागली. पंधरा किलो पुरण लागलं."

किलोचा आकडा ती कधी चुकवायची नाही. पुढं पुढं तर ती उभी राहिली की पोरंच ओरडायची, "किती किलो?" तीही हसायची आणि सांगायची.

मग पालकसभा आली. तिची आई आली, तेव्हा मी मोठ्या आपुलकीनं म्हणाले, "तुमच्याकडं सारखी लगीनघाई दिसते हो!"

बाई गोंधळल्या. "आमच्यात कुणाचं लग्न, मॅडम? आम्ही दोघीच राहतो." त्या आणखी काही सांगणार होत्या, पण मागं रांग होती. मी गुणपत्रिका पुढं सरकवली. शेजारी उभी असलेली मुलगी फरशीकडं बघत होती.

मला खोटं खपत नाही. ते खपत नाही याचा तोरा तर त्याहून मोठा. दुसऱ्या दिवशी हजेरी संपल्याबरोबर मी तिलाच उभं केलं. "काय, आज कुणाचं लग्न लावलंस? तुझ्या आईला तर एकही माहीत नाही."

वर्ग खदखदून हसला. ती खाली बसली. त्यानंतर तिची पाळी आली की, "काही नाही, मॅडम." मला वाटलं, चला, सुधारली.

त्याच वर्षी माझ्या मुलीचा साखरपुडा झाला, बीड बायपासजवळच्या एका हॉलमध्ये. जेवणाला उशीर होत होता, म्हणून मी तणतणत मागच्या स्वयंपाकघरात गेले. चार शेगड्या धडधडत होत्या. त्यांच्यापुढं तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीची आई पोळ्या लाटत होती आणि ती उलथन्यानं उलटत होती.

"अगं बाई, मॅडम! तुमचाच कार्यक्रम हाय व्हय?" आई म्हणाली. "ही संगं असती म्हणून उरकतं बघा माझं."

मुलीनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "मॅडम, तुम्ही पंगत बसवा. पोळ्या कमी पडायच्या नाहीत." वर्गात लग्नं सांगताना जो आवाज लागायचा, तोच.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती पेंगणारी नवरी खरी होती. तो प्रत्येक कार्यक्रम खरा होता. स्वतःच्या घरी काही होत नव्हतं, म्हणून जिथं पुरण शिजवलं ते घर तिनं आपलं म्हटलं, एवढाच तिचा गुन्हा. आणि त्यासाठी मी तिला चाळीस पोरांपुढं खोटारडी ठरवलं होतं.

तिथंच तिला जवळ घ्यायला हवं होतं. निदान "जेवलीस का?" एवढं तरी. मी "बरं" म्हणाले आणि भरजरी पदर सावरत बाहेर आले. पाहुण्यांची पांगापांग झाल्यावर पुन्हा मागं गेले, तर शेगड्या विझल्या होत्या आणि स्वयंपाकाच्या बायका टेम्पोनं गेल्या होत्या.

सोमवारी पोरांनी मलाच घेरलं. "मॅडम, आज तुमची पाळी!"

मी सांगितलं. फुलं, अंगठी, जावयाची फजिती. तिच्याकडं बघायचं मात्र टाळलं. कुणीतरी विचारलं, "जेवायला काय होतं?"

"पुरणपोळी."

"किती किलो, मॅडम?" मागून एक जण ओरडला आणि सगळा वर्ग तिच्याकडं वळून हसायला लागला.

मला आकडा माहीत नव्हता. त्या खोलीत तो एकाच मुलीला माहीत होता. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. "हिला विचारा, माझ्या घरचं कार्य हिच्या हातानं पार पडलं," एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. बोलले असते तर ती उभी राहिली असती, आकडा सांगितला असता, आणि वर्ग गप्प झाला असता.

मी म्हणाले, "चला, पुरे. पुस्तकं काढा."

सगळ्यात आधी तिनंच काढलं.