अक्काचा पाय आणि माझी कंबर

मुलीचं लग्न धुळ्याला ठरलं तेव्हा मला काळजी एकच होती: कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसता येईल का? कंबरेतून निघालेली कळ डाव्या मांडीतून, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत जायची. जेवायलासुद्धा मी उभाच.

जळगावला फिजिओथेरपी सुरू केली. पालथं झोपायचं आणि कंबर सैल सोडून हातांवर छाती उचलायची. काही दिवसांनी पोटरी मोकळी झाली, पण कंबर जास्तच ठणकू लागली.

"चांगली खूण आहे, काका," तिथल्या बाई म्हणाल्या.

दुखणं वाढलं, ही चांगली खूण? डागी केळी गोड म्हणून खपवणारे मी रावेरच्या केळीबाजारात पुष्कळ पाहिलेत. म्हटलं, "मग पुढे काय होणार ते आत्ताच सांगा. झाल्यावर सगळेच सांगतात."

त्या हसल्या नाहीत. "कळ खालून वर आटत जाते. आता मांडी सुटेल. कंबर सगळ्यात शेवटी. कळ परत पायाकडे उतरली तर व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी फोन करा."

हे तरी पडताळता येण्यासारखं होतं.

तेवढ्यात लग्नाच्या तयारीसाठी शिंदखेड्याहून थोरली बहीण आली. अक्का पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. पायाळूचा पाय लागला की उसण जाते म्हणून गावातले लोक अजून तिच्यापुढे पाठ वाकवतात.

"बरे किती होतात?" मी विचारलं.

"माले काय माहीत? बरा व्हतस त्या परत येतस नही."

"आणि जे होत नाहीत ते?"

"त्या बी येतस नही."

मी पाय लावू दिला नाही. पण दुसऱ्या सकाळी पालथा पडून व्यायाम करताना कंबरेवर काहीतरी टेकलं. वळून पाहतो तर अक्काचा पाय!

"अक्का, सगळा हिशेब बिघडवलास! आता मांडी सुटली तर कोणामुळे, हे कसं कळणार?"

"सुटू तं दे, भाऊ! मंग भांड."

त्याच आठवड्यात मांडी सुटली. बाईंना अक्काच्या पायाचं सांगितलं.

"पाय लागल्यावर व्यायाम सोडलात का?"

"नाही."

"मग सोडूही नका."

लग्नात पाटावर गोधडीची घडी ठेवून बसलो. कंबर कुरकुरत होती, पण पाय गप्प होता. कन्यादानाचं पाणी सोडेपर्यंत उठावं लागलं नाही. बाजूला अक्का माझ्या पाठीकडे बोट दाखवून पाहुण्यांना काहीतरी सांगत होती. काय सांगत असेल, ते विचारायची गरजच नव्हती.

व्यायाम अजून चालू आहे. अक्का घरी असली की आधी दाराला कडी लावतो, मग पालथा होतो.