निनाद नावाचा मुलगा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. आज तुम्हाला सांगते. मधे अडवू नका, नाहीतर परत गिळून टाकीन.

मी जिंतूरची, अश्विनी झरीची. परभणीला विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होतो, चौघींनी मिळून खोली केली होती. अश्विनी लय साधी. आमी बाकीच्या तिघी मोबाईलवर नाही नाही ते बघायचो, अन् ही तोंड फिरवून भाकरी थापायची. त्या विषयावर घरी कोण बोलतं हो? कॉलेजात तरी कोण बोलतं? जे काय शिकलो ते मोबाईलवरच. एकदा टूम निघाली — हिची फिरकी घेऊ. मी खोटं खातं काढलं. निनाद, पुण्याचा इंजिनिअर. आमची बोली तिनं लगेच ओळखली असती, म्हणून मी पुस्तकी मराठीत लिहायचे.

ती गुंतली. बाकीच्या दोघींनी हसून हसून सोडून दिलं. मी सोडलं नाही. का? — खरं सांगू? मला चटक लागली होती. ती भिंतीकडं तोंड करून टाईप करायची, एकटीच लाजायची, अन् पलीकडच्या गादीवरून मी उत्तर द्यायचे. मुलगी म्हणून जे विचारायची माझी छाती नव्हती, ते मुलगा होऊन विचारलं. अन् मग — मग फोटो मागितला. कसला, ते तुम्हाला कळलं असेल. ती नको म्हणाली. मी रुसले. म्हणजे निनाद रुसला. "विश्वास नाही ना माझ्यावर?" असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पाठवला.

बघून मी मोबाईल उशीखाली कोंबला. तिथंच थांबायचं ना, बये! पण तिनं भेटायचा हट्ट धरला अन् मी हो म्हणून बसले. परभणी स्टेशनवर ओळखीचं कुणीतरी भेटतंच, म्हणून तिनंच पुढचं छोटं स्टेशन, पिंगळी ठरवलं. नवा ड्रेस घालून ती गेली. मी घाबरून खोलीवर बसले अन् खातंच उडवलं.

गाड्या आल्या, गेल्या. बाकड्यावर एकटी बसलेली ती झरीच्याच एका माणसाला दिसली. झालं! ती परत यायच्या आत बातमी घरी. सकाळी तिचे वडील आले. तिच्या मोबाईलवर सगळं वाचलं. फोटोही दिसला असणार, कारण त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. मग मला विचारलं, "पोरी, तुला काही माहीत व्हतं का?"

"काका, मी तिला लय समजावलं," मी म्हणाले. "ऐकलंच न्हाई तिनं."

त्यांनी मला हात जोडले. मला! त्यावेळी खरं बोलले असते तर शिव्या खाल्ल्या असत्या, पण ती परीक्षेला बसली असती. बोलले नाही. तिची बॅग मीच जीपमध्ये ठेवली. ती माझ्याच गळ्यात पडून रडली, अन् मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. डिग्री राहिली. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावलं.

अजून तिचा फोन येतो. मागच्या महिन्यात इकडचं तिकडचं बोलता बोलता हळूच म्हणाली, "त्याचं कायतरी बरंवाईट झालं असंल गं. न्हाईतर तो आला असता."

मी म्हणाले, "हो गं, तसंच असंल."