बादलीत पाय बुडवून लिहिणारा

शुद्धलेखनाच्या चुका खूप होतील आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली. चार माणसांत मला बोलणं जमत नाही, म्हणून लिहून ठेवते. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी चुकून कोणाच्या हाती लागली तर हसू नये.

ओमानमधल्या सोहारला मी आजींना सांभाळायला आले. आजी म्हणजे साहेबांच्या आई. साहेब इथल्या कारखान्यात इंजिनियर आहेत. आजी पुण्याला कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला होत्या. इथे येताना त्यांनी कपडे कमी आणि पुस्तकं जास्त आणली. त्यांच्या पायांत जोर राहिला नव्हता. दोघांनी धरल्याशिवाय उभं राहता येत नसे. डोकंही कधी इथे असायचं, कधी पुण्यात.

मला पाठवायला माझ्या जावेने स्वतःच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. नवरा गेल्यावर माझ्याकडे काही उरलं नव्हतं आणि एजंट पैशांशिवाय व्हिसा काढायला तयार नव्हता. त्यावरून दीर तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. मला मध्येच परत पाठवलं असतं तर त्या पाटल्या बुडाल्या असत्या. हे ओझं घेऊनच मी रोज उठायची.

साहेब आणि वहिनी, म्हणजे त्यांची बायको, कामावर गेले की घरात आम्ही दोघीच. उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. पडदे ओढलेले, एसीची घरघर. मी पुस्तकं पुसायची आणि आजी लेखकांच्या गमती सांगायच्या.

"अगं, एकाने गोष्टीतल्या दुष्ट माणसाला आपल्या घरमालकाचं नाव दिलं. आता हा घराबाहेर काढणार म्हणून घाबरून बसला. तर मालकाने पुस्तकं विकत घेऊन पाहुण्यांना वाटली! भाडं मात्र सोडलं नाही हो."

"एक बाई शेवटचं पान आधी लिहायची. मग तिथपर्यंत पोचायचा रस्ता शोधत बसायची. एकदा रस्ता सापडलाच नाही. तेवढं एकच पान छापलं, लोकांनी डोक्यावर घेतलं."

पण सगळ्यात जास्त त्या एकाबद्दल सांगायच्या. तो गार पाण्याच्या बादलीत पाय बुडवून लिहायचा. लिहायचं सोडून हिंडायला पळू नये म्हणून त्याची बायको त्याच्या चपला कपाटावर लपवायची.

"आणि पुस्तक छापायला घेतलं, तर छापखान्यात 'ळ'चे खिळे झिजलेले. मालक नवे आणेना. मग पठ्ठ्याने सबंध पुस्तक 'ळ'शिवाय पुन्हा लिहून काढलं!"

"भिंतीत ठोकायला का खिळे?" मी विचारलं.

आजींना हसून हसून उचकी लागली. "वेडे, छापायची शिशाची अक्षरं. त्यांना खिळेच म्हणतात."

मग एक दिवस 'लिहायचा'चं 'लिहितो' झालं. आजी म्हणाल्या, "आज तो येतोय. टेबलाखाली बादली ठेव."

त्यांचं मन राखायला मी ठेवली. आजींनी पलंगावरून हात लांब करून पाण्यात बोट बुडवलं आणि माझ्यावर ओरडल्या, "अगं, भाजतील ना त्याचे पाय!" इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून कढत येतं. तेव्हापासून मी सकाळीच बादली भरून एसीखाली ठेवायला लागले. दुपारी ती टेबलाखाली सरकवायची. खुर्चीही जरा मागे ओढून ठेवायची. एवढं आपण का करतो, हे मी स्वतःला विचारलं नाही.

एका दुपारी मी वाळलेले कपडे घेऊन खोलीत आले. आजी गाढ झोपल्या होत्या. फरशीवर ओली पावलं होती. बादलीपासून निघालेली, पुस्तकांच्या कपाटापर्यंत गेलेली. तिथे संपली होती. परत आलेलं एकही पाऊल नव्हतं.

मी आजींच्या तळपायांना हात लावून पाहिला. कोरडे होते आणि नेहमीसारखे गार. घराच्या दाराला आतून कडी होती, ती मीच घातली होती. हातातला टॉवेल टाकून मी फरशी पुसायला बसले. पुसताना मान वर करून कपाटाकडे बघायची हिंमत झाली नाही.

कोणाला सांगणार? वेडी ठरवून पाठवून दिलं असतं.

दोन दिवसांनी साहेब चपला शोधत घरभर फिरत होते. चपला निघाल्या आजींच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर. स्टुलावर चढूनही माझा हात तिथे पोचत नाही.

"हा काय प्रकार आहे?" साहेबांनी विचारलं. "आणि रोज बादली कशाला? आईच्या डोक्यात हे भूतखेत तुम्ही भरवता का?"

मी चपला पुसून त्यांच्यापुढे ठेवल्या.

"असंच चालणार असेल तर खलास. मी एजंटला फोन करून दुसरी बाई बघतो. शुक्रवारी आईशी बोलतो आणि ठरवतो."

त्या संध्याकाळी जावेचा फोन आला. "काय गो, आवाज असा का?"

"सर्दी झाली."

"एसीत राहून सर्दी! महाराणी झालीस ती." ती हसली, मीही हसले. पाटल्यांचं तिने काढलं नाही. ती कधीच काढायची नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

शुक्रवारी इथे सुट्टी असते. साहेब आजींच्या पलंगाजवळ मोबाइल घेऊन बसले. आजींच्या गमती एकेक करून शोधत होते. घरमालकाची सापडली, शेवटच्या पानाचीही सापडली. मी दारात उभी होते.

"आई, बादलीवाला कुठेच नाही. हे खोटं आहे. कोणी सांगितलं तुला?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"खोटं कसं असेल?"

"मग नाव सांग त्याचं."

"नाव कसं छापणार रे? नावातच 'ळ' होता ना."

साहेबांनी मोबाइल खाली ठेवला. त्यांच्या आडनावात 'ळ' आहे. ते आडनाव मी इथे लिहीत नाही.

ते हळू आवाजात म्हणाले, "बाबा पाण्यात पाय घालून बसायचे. पण ते हिशेब लिहायचे ना? तूच सांगायचीस."

"हिशेब म्हटलं की पोरं जवळ येत नाहीत. पुस्तक लिहितो म्हटलं असतं तर तुझ्या आत्यांनी नोकरी सोडली का म्हणून विचारलं असतं."

साहेब उठून कपाटाशी गेले. बराच वेळ शोधून त्यांनी खालच्या कप्प्यातून एक पातळ पुस्तक काढलं. वर नाव नव्हतं. त्यांनी एकेका ओळीवरून बोट फिरवलं, पानामागून पान. एकही 'ळ' सापडला नाही. एका पानावर डोळ्यांना नयन म्हटलं होतं, काळ्या मांजराला सावळंही म्हणता येईना आणि कोळशाचंही नाव घेता येईना, शेवटी ते मांजर पांढरंच करून टाकलं होतं. साहेब हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही काही पाहिलंत का? खरं सांगा."

मी खाली बघून पावलांचं सांगितलं.

"कुठे जात होती?"

"आत्ता तुम्ही उभे आहात तिथपर्यंत."

"आणि परत?"

"परत नव्हती."

साहेब दोन पावलं मागे सरकले. आजी कपाटाकडे बघत आरामात म्हणाल्या, "बादली भरली का ग? वाट बघतोय तो."

साहेबांनी स्वतः जाऊन बादली आणली. नळाला हात लावून पाहिला, मग फ्रीजमधला बर्फ टाकला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "एजंटला फोन करत नाही. पण आई आहे तोवर तुम्ही जाऊ नका. त्या खोलीत मला एकट्याला बसवणार नाही." वहिनी तर सुट्टीच्या दिवशीही दुपारी त्या खोलीत पाय ठेवत नसत.

आजी पुढच्या थंडीपर्यंत होत्या. शेवटपर्यंत मीच त्यांच्यापाशी होते आणि माझा पगार एकदाही चुकला नाही. पाटल्यांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता पाठवायला साहेब मला स्वतः गाडीतून एक्स्चेंजवर, म्हणजे गावी पैसे पाठवायच्या दुकानात, घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी जावेचा फोन आला.

"सोडवून आणल्या गो. घट्ट होतात आता, साबण लावून चढवल्या."

"व्याजासकट भरलंस ना सगळं?"

"व्याजासकट. पावती पण घेतली. आता तुझं काही देणं नाही."