शेठच्या यादीत नसलेलं घर

आमदार व्हायच्या आधी तो डंपर चालवून भराव टाकायचा. मग सरपंच झाला, मग आमदार. गावात सगळे त्याला शेठ म्हणत. शेठने हळद कुणाचीच चुकवली नाही. कुणाच्याही मांडवात यायचा, नवऱ्या मुलाला हळद लावायचा, पंगतीत बसायचा. लोक म्हणत, माणूस साधा. मी म्हणायचो, साधा माणूस जेवताना ताटात बघतो. हा कोण कुणाशेजारी बसलंय ते बघतो.

पोरांची लग्नं झाली तशी आम्ही गावठाणाच्या हद्दीबाहेर घरं वाढवली. सगळ्यांनीच वाढवली. मग पाडायच्या नोटिसा आल्या. निवडणुकीच्या आधी शेजारच्या हळदीत शेठने कागद आणले. म्हणाला, सह्या द्या, सगळी घरं कायम करून घेतो. लोकांनी हळदीच्या हातांनीच सह्या केल्या.

मी दुसरीत शाळा सोडली, पण सही येते. सरकारने जमीन घेतली तेव्हा माझ्या बापाने न वाचता अंगठा दिला होता, त्यात काय होतं ते त्याला मरेपर्यंत कळलं नाही. म्हणून मी सुनेला बोलावलं आणि कागद वाचायला लावला. तिने उलटून पालटून बघितला. वर नुसतं गावाचं नाव, खाली सह्यांच्या रेघा. मजकूरच नाही.

मी म्हटलं, "शेठ, यात काय लिवनार हाय?"

"काका, विश्वास नाय का माझ्यावर?"

"तुमच्यावर हाय. कोऱ्या कागदावर नाय."

मांडवातले हसले, शेठही हसला. पण पेन त्याने माझ्यापुढून उचलून पुढच्याला दिलं.

निवडून आल्यावर वर्षभरात त्याने पक्ष बदलला. पनवेलच्या सभेत स्टेजवर सह्यांचा गठ्ठा उंच धरला आणि सांगितलं, अख्खं गाव माझ्याबरोबर आलंय. माझा शेजारी टाळ्या वाजवून आला. मग घरी येऊन मला विचारतो, आपण कोणत्या पक्षात गेलो?

मला वाटलं, मी जिंकलो. पण पुढच्या महिन्यात घरं कायम करायला मोजणीवाले आले तेही त्याच सह्यांची यादी घेऊन. यादीतल्या प्रत्येक दारावर लाल आकडा पडला. माझ्या दारासमोरून ते न थांबता पुढे गेले. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या हट्टापायी आमी रस्त्यावर येनार."

त्याचं ऐकून मी एकदाच शेठच्या ऑफिसात गेलो. सुनेने अर्ज लिहून दिला होता, माझी सही होती. शेठने चहा दिला, अर्ज दोनदा वाचला. मग ड्रॉवरमधून पुन्हा तसाच कोरा कागद काढला. म्हणाला, अर्ज राहू दे काका, इथं सही करा, उद्या माणसं पाठवतो.

मी चहा अर्धा ठेवून उठलो. अर्जाची पोच मागितली, ती मिळाली नाही.

गावात आता म्हणतात, म्हाताऱ्याला संशयाचा रोग आहे. लाल आकड्यांची घरं कायम झाली का, विचारलं तर कुणी सांगत नाही. मुलाने कळंबोलीला भाड्याची खोली बघून ठेवली आहे. मी सांगितलंय, तुमी जा, मी इथून हलनार नाय. सून अजून जायला हो म्हणालेली नाही.