पालकांना घेऊन या

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मला सांगण्यात आलं, "उद्या पालकांना घेऊन या." सांगणाऱ्या आमच्या नर्सिंग स्कूलच्या प्राचार्या होत्या आणि त्यांच्या टेबलासमोर मान खाली घालून उभी असलेली मी दोन मुलांची आई होते. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. तिच्या शाळेतून असा निरोप मला कधी आला नव्हता. ती माझ्यावर गेली आहे, असं मी चारचौघांत सांगायचे. त्या दिवसापासून ते बंद केलं.

मी तिथवर कशी पोचले ते सांगते. लग्नाआधीपासून मी शनिवार पेठेतल्या एका वकिलांकडे टायपिस्ट होते. माझा वेग असा, की साहेबांचं वाक्य संपायच्या आत माझा पूर्णविराम पडलेला असायचा. मग पुण्यात कॉम्प्युटर आले. आधी एका चौकात एक क्लास निघाला, मग एकेका चौकात चार निघाले. साहेबांच्या मुलाने ऑफिसात कॉम्प्युटर आणला आणि माझ्या टाइपरायटरवर कव्हर चढलं. कव्हर मीच शिवलेलं होतं. "शिकून घ्या बाई तुम्हीही," साहेब म्हणाले, पण तोवर त्या खुर्चीत एक मुलगी येऊन बसलीही होती.

मग आम्ही राहायचो ती सगळी विश्रांतवाडी मला कॉम्प्युटर शिकायला सांगू लागली. तो चालू कुठून करतात हे ज्यांना माहीत नव्हतं, तेही सांगत होते. मी मुळात हट्टी. सगळे एकीकडे धावायला लागले की मला उलटं वळावंसं वाटतं. पेपरात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलची जाहिरात दिसली: तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स, बारावी पास, वय पस्तिशीच्या आत. मला पस्तीस पूर्ण व्हायला अकरा महिने होते. ट्रंकेच्या तळातून बारावीचा कागद काढला, अर्ज भरून आले आणि घरी नंतर सांगितलं.

नवरा कंपनीत पाळीवर जाणारा शांत माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हॉस्टेलवर राहायचं? आपल्याच गावात?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाला आणि डबा घेऊन निघाला. अवघड काम पुढे होतं. ते म्हणजे आत्याबाई, माझ्या सासूबाई.

आत्याबाईंनी सत्तावीस वर्षं एका दवाखान्यात आयाचं काम केलं होतं. फरशा पुसायच्या, पेशंटना कुशीवर वळवायचं, त्यांची शौचाची भांडी द्यायची आणि उचलायची. दोन दिवस त्या माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मी ज्यातनं बाहेर पडले, त्यात तू अर्ज करून चाललीस व्हय?"

"आत्याबाई, आया वेगळी, नर्स वेगळी."

"भांडं तेच हाय," त्या म्हणाल्या. मग भाकरी उलटून त्यांनी निकाल दिला. "सहा म्हैने बघू. तवर पोरं मी बघते. त्यांनी तुला माघारी धाडलं, तर ह्या घरात परत शिकायचं नाव काढायचं न्हाई."

सहा महिने त्यांनी हवेतून काढले नव्हते. कोर्सची रीतच तशी होती. पहिले सहा महिने परीक्षेचे, त्यात अभ्यास आणि वागणूक दोन्ही बघायचे, आणि ज्या टिकतील त्यांच्या डोक्यावर समारंभाने पांढरी टोपी चढवायची. बाकीच्यांनी ट्रंक उचलायची. इतर मुलींना पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता आला असता. मी पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हते. मला ही एकच गाडी होती.

प्रवेशाच्या फॉर्मवर 'पालक' असा रकाना होता. माझे आईवडील दोघंही गेलेले, म्हणून मी नवऱ्याचं नाव घातलं. क्लार्कने चष्म्यावरून बघितलं. "अहो, नवरा हा पालक होत नाही. नवरा हा नवरा असतो. कुणीतरी मोठं माणूस घाला." मी आत्याबाईंचं नाव घातलं. त्यांनी नातवाने शिकवलेल्या अक्षरांत, जीभ दातांत धरून सही केली आणि वर मला विचारलं, "आता तू काय केलंस तर मला बोलावतील का?" मी हसून म्हटलं, मी काय करणार आहे.

मी काय केलं ते सांगण्याआधी हे सांगायला हवं की हॉस्टेलवर मी बेहद्द सुखात होते. सकाळी कुणीतरी दुसऱ्याने केलेला चहा हातात यायचा. भाजी इतकी वाईट असायची की मुली रडायच्या, आणि मी दोनदा वाढून घ्यायचे, कारण ती मी चिरलेली नव्हती. पलंग एकटीचा. पांढरे मोजे, निळा चौकड्यांचा गणवेश, केसांना जाळी. माझ्या खोलीत बीड, लातूर, साताऱ्याकडच्या अठरा-अठरा वर्षांच्या पाच मुली. पहिल्या दिवशी त्यांतली एक मला 'काकू' म्हणाली. संध्याकाळपर्यंत मी 'ताई' झाले आणि आठवड्याने नुसतीच 'ए'. त्यांच्या संगतीने मला हसण्याचा रोगच जडला. जेवणाच्या रांगेत हसू यायचं, प्रार्थनेत यायचं, हाडांची नावं पाठ करताना तर हमखास यायचं. लग्नानंतर तेरा वर्षं हे सगळं हसू कुठे साठून राहिलं होतं कोण जाणे. दर रविवारी चार वाजता आत्याबाई मुलांना घेऊन भेटायला यायच्या, बाकावर ताठ बसायच्या, आणि मी चेहरा गंभीर करून बाहेर जायचे. मुलांना जवळ घेतलं की डोळे भरून यायचे. ती गेली की अर्ध्या तासात मी पुन्हा खिदळत असायचे. त्याची मला लाजही वाटायची, पण लाजेपेक्षा आनंद फार मोठा होता.

पाचव्या महिन्यात स्पंजची परीक्षा आली. स्पंज म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला पलंगावरच अंघोळ घालणं. सराव रबराच्या एका डमीवर करायचा. मुली तिला 'आजी' म्हणत. ट्यूटर माझ्याहून आठ वर्षांनी लहान, हातात गुणांचा कागद. आडपडद्याला दोन गुण, मेणकापडाला दोन, पाणी मनगटावर बघण्याला तीन, आणि शेवटी लिहिलेलं: पेशंटशी संवाद, पाच गुण.

मुली डमीपाशी उभ्या राहून एका दमात म्हणत, "आजी मी आता तुम्हाला स्पंज करणार आहे घाबरू नका," आणि कामाला लागत. माझी पाळी आली. मी वकिलाकडे वर्षानुवर्षं साक्षी टाइप केल्या होत्या. प्रश्न आला की त्याखाली उत्तर यायलाच हवं, ही माझ्या बोटांची सवय. संवाद म्हटला की दोन बाजू आल्याच. मी म्हटलं, "आजी, तुम्हाला स्पंज करू का?" आणि माझ्याच तोंडून उत्तर आलं, "कर बाई. न्हाई म्हनून तू ऐकनार हायस का?"

तो आवाज आत्याबाईंचा होता. मी ठरवून काढला नव्हता, पण एकदा निघाल्यावर तो थांबेना. एक कान पुसला तर, "दुसरा कान शेजारणीचा हाय का?" हात घासला तर, "सावकाश. मी काय कढई हाय का?" मुली भिंतीला टेकून खाली बसल्या. ट्यूटरने गुणांचा कागद तोंडापुढे धरला होता आणि तो कागद हलत होता. मला चेव चढला. पाय धुताना आजी सुनेच्या हातच्या आमटीवर बोलू लागल्या, आणि तेवढ्यात हसू एकदम बंद झालं. दारात प्राचार्या उभ्या होत्या.

"आपण नर्सिंग शिकायला आलात की नाटकात जायला?" त्यांनी केबिनमध्ये विचारलं. "पेशंट म्हणजे गंमत वाटते तुम्हाला?" मला ते मनाला लागलं, कारण तसं नव्हतं. पण हसण्याबद्दल मला याआधी दोनदा ताकीद मिळाली होती. त्यांनी माझी फाइल उघडली, पालकाचा रकाना बघितला आणि ते वाक्य उच्चारलं. मी नवऱ्याच्या कंपनीत फोन करून निरोप ठेवला. त्या दिवशी मी पहिल्यांदा ताटातली भाजी टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई आल्या. विहारात जातानाची पांढरी साडी नेसून, आळंदी रोडवरून दोन बस बदलून. केबिनच्या बाहेर मला एवढंच म्हणाल्या, "सामान बांधलंस का?"

प्राचार्यांनी त्यांना खुर्ची दिली. "आपल्या सूनबाईंनी काल परीक्षेत डमीच्या तोंडून बोलून सगळा वर्ग हसवला."

"काय बोलली?"

"तेच त्यांनी आपल्यासमोर करून दाखवावं, असं मला वाटतं," प्राचार्या उठत म्हणाल्या. "तिथेच चला."

प्रात्यक्षिकाच्या खोलीत आम्ही तिघीच. मी डमीपाशी उभी राहिले आणि जमिनीकडे बघत, कसंबसं, ते सगळं पुन्हा म्हटलं. कान, शेजारीण, कढई. आमटी गाळली. म्हणून झाल्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्याबाईंनी विचारलं, "ही मी हाय?"

"हो."

"अशी बोलते मी?"

"जरा मोठ्याने," मी म्हटलं. माझ्या तोंडून खरं निघून गेलं. प्राचार्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

आत्याबाई पलंगाजवळ गेल्या. त्यांनी डमीचा हात उचलला, कोपरात वाकवून बघितला आणि सोडून दिला. "ह्या बाहुलीला पाणी गरम काय नि गार काय. बाई, ही बाहुली खाली ठेवते मी. माझ्यावर करू दे सुनेला. मग मी सांगते हिला येतं का न्हाई."

प्राचार्यांनी मला घरी पाठवायचं ठरवलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. त्या पलंगाकडे बोट करून म्हणाल्या, "चपला खाली काढा."

मी दार लावलं, आडपडदा ओढला, मेणकापड अंथरलं. दोन भांड्यांत पाणी आणलं आणि मनगटावर बघितलं. म्हटलं, "आत्याबाई, तुम्हाला स्पंज करते. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करीन." त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेर, मग कपाळ, मग दोन्ही कान. मी वाट बघत होते की त्या आता काहीतरी बोलतील. त्या गप्प होत्या. हात पुसले, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या. मग पायांवरची चादर दुमडली, मोजे उतरवले आणि त्यांचा पाय पाण्यात घेण्यासाठी उचलला.

तेरा वर्षं मी त्या पायांना हात लावून नमस्कार करत आले होते. तळवे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. टाचांना खोल भेगा, आणि बोटांमधली कातडी पांढरी पडून सोललेली. सत्तावीस वर्षं फिनेलच्या पाण्यात उभं राहिलेले पाय. घरात त्या कायम मोजे घालायच्या आणि आम्ही सगळे त्यांच्या थंडीची चेष्टा करायचो. मला हुंदका आला. तो मी गिळला, कारण पेशंटसमोर रडायचं नाही हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी पाय धुतले, एकेक बोट कोरडं केलं, भेगांत व्हॅसलीन भरलं. फार हळू केलं. परीक्षा चालू आहे हे मी विसरूनच गेले.

मग मला एक बारीक आवाज ऐकू आला. मी वर बघितलं. आत्याबाई घोरत होत्या.

मी घाबरून प्राचार्यांकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. जवळ येऊन चादर आत्याबाईंच्या खांद्यापर्यंत ओढली आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "उठवू नका." मग त्या स्टुलावर बसल्या. दुसरीकडे मी उभी. आम्ही दोघी त्या झोपलेल्या बाईकडे बघत पाऊण तास तशाच होतो, आणि मला आतून इतकं हसू येत होतं, इतका आनंद होत होता, की मी गणवेशाच्या खिशात तळहातांत नखं रुतवून उभी होते.

जाग आल्यावर आत्याबाई एकदम उठून बसल्या आणि पदर सावरला. ड्युटीवर झोप लागलेल्या माणसासारख्या ओशाळल्या. "किती वाजले?"

"साडेचार," प्राचार्या म्हणाल्या. "आता सांगा. हिला येतं का?"

आत्याबाईंनी पाय खाली सोडले, बोटं हलवून बघितली. "हात हलका हाय," त्या म्हणाल्या. "ठेवा हिला. तीन वर्षं पोरं मी बघते." मग चपला शोधता शोधता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पण पाठ राहिली माझी. रविवारी येते, तवा कर."