नथ्थूजी आणि पेट्रोलचे दोन डबे

नथ्थूजी ड्रायव्हर आपल्या मोटारीत दुसऱ्या कुणाला तेल ओतू देत नसत. क्लीनर होता, पण तो फडका मारण्यापुरता. डबा उचलायचा नथ्थूजींनी, नरसाळं धरायचं त्यांनी, झाकण लावायचं तेही त्यांनीच. कुणी हात पुढे केला की म्हणायचे, "पोट तिचं हाय, पन जेवन माह्याच हातचं." अल्लीपूर ते वर्धा ही त्यांची रोजची खेप. वीस वर्षं पेट्रोलची गाडी हाकल्यावर मालकानं नवी डिझेलची बस आणली आणि ती त्यांच्या ताब्यात दिली. जुनी दुसऱ्या रस्त्याला लागली. नव्या गाडीत चढणाऱ्याला नथ्थूजी आधी चपला झटकायला लावत. मलाही लावल्या होत्या; त्यावरून भांडण झालं, आणि आमची ओळख त्यातूनच झाली.

मी तेव्हा गावच्या शाळेत हंगामी शिक्षिका होते. मॅट्रिक झाले नाही तर जूनपासून येऊ नका, असं मला कळवलं होतं. नोकरी गेली असती तर विधवा बाईला दिराच्या घरी भांडी घासण्यावाचून दुसरी वाट नव्हती. गणितात एकदा आपटले होते. त्या मार्चमध्ये गणिताचा पेपर वर्ध्याला अकरा वाजता होता, आणि नथ्थूजींनी मला पुढची जागा राखून ठेवली होती.

गाडीत तेल ओतता ओतता ते मला धीर देत होते. "गनिताले काय भ्याचं बाई? ते काय माजलेलं बैल हाय?" दोन्ही गाड्यांचे डबे गावच्या मोटार अड्ड्यावर शेजारीशेजारी असत. तोंड माझ्याकडे आणि वीस वर्षांची सवय हाताला. हात आपल्या जुन्या डब्यांकडे गेला.

चार-पाच मैलांवर इंजिन खडखडायला लागलं आणि गाडीचा जोर सरला. नथ्थूजींनी ती लगेच बाजूला घेऊन बंद केली. टाकीचं झाकण काढून वास घेतला. मग आत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डिझेलच्या गाडीत मीनं पेट्रोल ओतलं."

मागून कुणीतरी सुचवलं, क्लीनरनं ओतलं म्हणून सांगा. नथ्थूजी त्याच्याकडे वळले. "काऊन? चूक झाकून ठेवली का थे अंडे घालते."

हळूहळू चालवा, असंही काही जण म्हणाले. त्यांनी किल्ली खिशात टाकली. "आता चालवली तं पंप जाईन. मंग गाडीबी नाई अन् पेपरबी नाई." सगळ्यांना बिड्या विझवायला लावून त्यांनी टाकीच्या बुडाचा नट सैल केला, गाडीतले मोकळे डबे खाली लावले आणि टाकी पार रिकामी केली. मग उरलेला एक डबा घेऊन जवळच्या खेड्याकडे निघाले. मला नुसतं बसवेना, म्हणून मीही मागे गेले.

त्या खेड्यात पिठाची चक्की होती आणि तिचं इंजिन डिझेलवर चालायचं. चक्कीवाला डबाभर तेल द्यायला तयार होईना. समोर ज्वारीच्या टोपल्या घेऊन आठ-दहा बाया बसलेल्या. "तुले तेल देलं तं ह्यायचं दळन कोन करीन?" तो म्हणाला.  नथ्थूजी बायांकडे वळले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाईचा आज पेपर हाय. चूक माही हाय, अन् बुडून राह्यली ते."

एक म्हातारी उठली आणि टोपली डोक्यावर घेतली. "दे गा त्याले. आमी घरी जात्यावर दळू." तिच्या मागे बाकीच्याही उठल्या. मला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

नवं तेल भरलं, तरी गाडी लगेच निघाली नाही. नळीतली हवा काढावी लागते, म्हणून नथ्थूजी पान्यानं नट ढिले करीत, हातपंप मारीत, बुडबुडे संपेपर्यंत वाकून राहिले. चौथ्या खेपेला इंजिन सुरू झालं. आम्ही केंद्रावर पोचलो तेव्हा उशिरा येणाऱ्यांसाठीची अर्ध्या तासाची सवलत संपून पाच मिनिटं झाली होती.

केंद्रप्रमुखांनी नकारार्थी मान हलवली. मी तर रडायच्या बेतात. तेवढ्यात तेलानं माखलेले नथ्थूजी दारातून आत आले. "साहेब, ह्या घरून टायमावर निंगाल्या. मीनं गाडीत उलटं तेल ओतलं. लिवून घ्या, मी अंगठा देतो." साहेबांनी विचारलं, "हा कागद तुमच्या मालकाकडे जाईल, ठाऊक आहे ना?" नथ्थूजी म्हणाले, "जाऊ द्या." शाईची गरज पडली नाही. अंगठा काळाच होता.

मी पेपर दिला. दुसऱ्या आठवड्यात त्या गाडीवर नवा ड्रायव्हर आला. नथ्थूजींना मालकानं काढलं हे मला कळलं होतं. त्यांच्या घरी जाऊन यायला हवं होतं, पण कोणत्या तोंडानं जाऊ, असं म्हणत मी गेलेच नाही. त्याची लाज मला आजही आहे.

दोन-तीन वर्षांनी हिंगणघाटच्या बाजारात तेच समोर आले. कापसाच्या एका जिनिंगमध्ये इंजिनावर कामाला होते. मी काही म्हणायच्या आधी त्यांनीच विचारलं, "बाई, त्या साली पास झाल्या न?"

"झाले. नोकरी पक्की झाली," मी कशीबशी म्हणाले.

"मंग गाडी पोचली म्हना," नथ्थूजी म्हणाले, आणि भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन चालू लागले.