सूतभर कमी

नजीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीतले छोटे रूळ पुसत होतो. शनिवार होता. रविवारी सकाळी नजीर खडकीहून इंजिन घेऊन शनिवार पेठेत आमच्या गच्चीवर यायचा, म्हणून आदल्या दिवशी रूळ पुसायचे, हा तीस वर्षांचा शिरस्ता. त्याची मुलगी रुक्साना म्हणाली, "काका, अब्बा गेले." मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेले रूळ पुसून काढले. असं का केलं, मला सांगता येणार नाही. दफनाच्या वेळी माती देतानाही डोक्यात एकच घोळत होतं, की उद्या इंजिन कोण आणणार... आता दोन महिने झाले, आणि मी त्या दिवसापेक्षा जास्त गोंधळलेलो आहे. त्याच्यासाठी रडावं की त्याच्यावर चिडावं, तेच कळत नाही.

नजीर खडकीच्या कारखान्यात लेथवर टर्नर, मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. आमची गाठ पडली जुन्या बाजारात, एका मोडक्या इंजिनावरून. नॅरोगेजच्या वाफेच्या इंजिनाचं हातभर लांबीचं मॉडेल, चिमणी चेपलेली, चाकं गायब. दोघांनी एकदमच त्याला हात घातला. लहानपणी मी कुर्डुवाडीहून आजोळी त्या छोट्या गाडीनं जायचो, आणि त्याचे वडील त्याच लाइनवर फायरमन होते. मी मास्तर आहे हे कळल्यावर तो म्हणाला, "तुम्ही घेऊन काय कराल? कपाटात ठेवाल. मी चालवीन." भांडता भांडता चहा झाला आणि ठरलं, की इंजिन त्यानं दुरुस्त करायचं, रूळ आणि मालाच्या वाघिणी मी करायच्या. फुटाला एक इंच हे प्रमाण. खऱ्या गाडीचे रूळ अडीच फुटी, म्हणजे आमचे अडीच इंची.

नजीरच्या तोंडी लागणं सोपं नव्हतं. माझी पहिली वाघीण उलटीसुलटी करून पाहत तो म्हणाला, "रंग झकास आहे, मास्तर. दरवाजा उघडायचा होता का?" वर्षानुवर्षं त्यानं माझी एकही चूक सोडली नाही. बिजागरी तिरकी, खिळ्याचं डोकं मोठं, बफर बुटका... "सूतभर म्हणजे काहीच नाही असं ज्याला वाटतं, त्यानं लेथला हात लावू नये," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्या लेखी तो कोसभर.

पण पहिल्या चाचणीचा दिवस मला आठवतो. मी गच्चीभर रूळ ठोकून, सहा वाघिणी उभ्या करून वाट पाहत होतो. नजीरनं इंजिन रुळांवर ठेवलं, वाकून पाहिलं, लगेच उचललं. "चाकं जरा बघायला लागतील. पुढच्या रविवारी," एवढंच बोलला आणि चहा न घेता गेला. पुढच्या रविवारी इंजिन झोकात धावलं. त्यानंतर त्यानं आणखी तीन इंजिनं नव्यानं बांधली, आणि आमची जोडी सर्वांत बिनचूक, असं मी येईल त्याला सांगत सुटलो.

चाळिसावं झाल्यावर रुक्सानानं प्रदर्शन भरवणाऱ्या एका गृहस्थांना खडकीला बोलावलं. अब्बांची इंजिनं लोकांनी पाहावीत, एवढीच तिची इच्छा. मीही गेलो होतो. त्यांनी चाकांमध्ये व्हर्नियर लावून अंतर मोजलं, मान हलवली. "काम सुबक आहे, पण गेज चुकलंय. चारही इंजिनांचं. सूतभर कमी. दुसऱ्या कुणाच्या रुळांवर ही चालणार नाहीत. हौशी काम म्हणून ठेवू." रुक्सानाचा चेहरा उतरला. आणि मी... 'सूतभर' ऐकलं त्याच क्षणी मला सगळं उमगलं होतं, तरी मी गप्प बसलो.

गेज मोजतात ते एका रुळाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत. आणि आम्ही चित्रकलेचे मास्तर! हातात पेन्सिल आली की आधी मध्यरेषा. मी दोन मध्यरेषा अडीच इंचांवर आखल्या, त्यांवर रूळ ठोकले. आतलं अंतर रुळाच्या जाडीइतकं, सूतभर, कमी भरलं. घरी येऊन जुना कागद काढला, तर चूक माझ्याच सुवाच्य अक्षरात बसलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खडकी गाठली आणि रुक्सानाला सांगून टाकलं. ती शांतपणे म्हणाली, "मग काल का बोलला नाहीत, काका?" तिनं नजीरच्या घरच्या लेथखालचा खण उघडला. आत दोन पितळी पट्ट्या होत्या, चाकांमधलं अंतर तपासायच्या. एक कोरी करकरीत, तिच्यावर अक्षरांच्या पंचानं ठोकलेलं, 'अडीच'. दुसरी सूतभर आखूड, वापरून कडा गोल झालेली. तिच्यावर ठोकलेलं, 'मास्तर'.

म्हणजे त्याला पहिल्या रविवारपासून माहीत होतं. बिजागरीवरून माझी सालटी काढणाऱ्या माणसानं एवढ्या मोठ्या चुकीवर चकार शब्द काढला नाही, उलट स्वतःची बरोबर चाकं काढून माझ्या चुकीला बसवली. माझी दया आली? की सांगून उपयोग नाही असं वाटलं? 'मास्तर' हे प्रेमानं ठोकलंय की टोमणा म्हणून? पुण्यात या दोन्ही गोष्टी एकाच आवाजात बोलतात, त्यामुळे पट्टीकडे पाहून काही ठरत नाही. राग येतो, की मला एकदा तरी सांगायचं होतंस, नजीर. आणि लाज वाटते, की तुझ्यासाठी मी एक दिवसही तोंड उघडलं नाही.

तिथूनच मी त्या गृहस्थांना फोन करून रुळांची चूक सांगितली. "मग पाटीवर काय लिहू?" त्यांनी विचारलं. "इंजिनं नजीर यांची, चूक माझी, असं लिहा," मी म्हणालो. रुक्सानानं चहा ठेवला. निघताना दोन्ही पट्ट्या तिनं माझ्या हातात दिल्या.

गेल्या आठवड्यात मी नवी वाघीण करायला घेतली. चाकं आसावर बसवायची वेळ आली तेव्हा दोन्ही पट्ट्या समोर मांडल्या. 'अडीच'नं बसवली, तर ही माझी आयुष्यातली पहिली बिनचूक वाघीण होणार होती, आणि नजीरच्या एकाही इंजिनामागे ती धावणार नव्हती. मी झिजलेली पट्टी उचलली.